दस्तुरखुद्द

शिरूरहून न्हावऱ्यावरून पारगावाशी भीमा ओलांडून केडगाव-चौफुल्याकडे जो रस्ता जातो, त्या रस्त्याने मी बालपणापासून इतक्या वेळा गेलो आहे, की त्याची वळणे मला झोपेतही सांगता येतील. आणि तरीही परवाच्या पौषात त्याच रस्त्याने एस. टी.ने परत येत असता, मांडीवर असलेल्या शाळकरी वह्यांच्या एका गठ्ठ्यामुळे, दोन्ही अंगांच्या उसाच्या फडांकडे व धूर सोडणाऱ्या गुऱ्हाळांकडे पाहण्याची माझी दृष्टी काहीशी पालटली, हे कबूल केले पाहिजे. दौंड तालुक्यातील एका विद्यालयाच्या मुख्याध्यापकांनी, जुन्या परिचयाचा हक्क बजावून, तो गठ्ठा मजकडे दिला होता. विद्यार्थ्यांनी वाचलेल्या पुस्तकांवर आपापला अभिप्राय लिहावयाचा, आणि बाहेरच्या कोणा वृद्ध गृहस्थाने त्यांस गुण द्यावयाचे, अशी ती योजना होती. शाळेने छापून घेतलेल्या कागदावर पुस्तकाचे नाव, लेखक, मध्यवर्ती कल्पना, आवडलेले पात्र व बोध असे पाच रकाने आखलेले होते.

बहुतेक अभिप्राय जसे असावयाचे तसेच होते. पुस्तक फार आवडले, भाषा ओघवती आहे, प्रत्येकाने अवश्य वाचावे, हा मजकूर गाईडातून वहीत व वहीतून कागदावर असा किती हातांमधून फिरला असेल कोणास ठाऊक. परंतु दहावीतल्या एका मुलीने हरि नारायण आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ ही कादंबरी वाचून जे लिहिले होते, ते वाचताना पारगावचा पूल केव्हा मागे पडला, हे मला कळले नाही. आवडलेले पात्र या रकान्यात तिने नायिका यमू हिचे नाव न घालता तिची मैत्रीण दुर्गी हिचे घातले होते, आणि कारण असे दिले होते, की यमूचे दुःख यमूच सांगते, परंतु दुर्गीचे दुःखही यमूच सांगते. दुर्गीला कोणी विचारले असते, तर तिने निराळे सांगितले असते किंवा काहीच सांगितले नसते. केशवपनाच्या प्रसंगाविषयी तिचे एकच वाक्य होते: ते पान आपण वाचले, परंतु पुन्हा वाचणार नाही. वाचून रडू आले, असे तिने कोठेही म्हटले नव्हते.

ही कादंबरी कुमारांसाठी लिहिलेली नव्हती, हे उघड आहे. ‘करमणूक’ पत्रात १८९० पासून ती क्रमशः येऊ लागली आणि १८९३ मध्ये पुस्तकरूपाने निघाली, तेव्हा कुमारवाङ्मय नावाचे कपाट कोणाच्या दुकानात वेगळे मांडलेले नव्हते. पुढे ते मांडले गेले आणि त्यात साहसकथांची भर पुष्कळ पडली, भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे तर आमच्याच लोहमार्गावरच्या फुरसुंगीचा. परंतु कोवळ्या वयात मनावर झालेला आघात, ज्यास हल्ली शिकलेली माणसे ट्रॉमा म्हणतात आणि आमच्या गावची माणसे ‘पोरीनं धसका घेतला’ किंवा ‘हाय खाल्ली’ एवढ्या दोन-तीन शब्दांत सांगून मोकळी होतात, त्याची एका मुलीने प्रथमपुरुषी सांगितलेली दीर्घ कथा म्हणून पाहिले, तर आपट्यांच्या या कादंबरीआधी मराठीत तिच्या तोडीचे काही मला दिसत नाही. या मुलीनेही आपल्या अभिप्रायात ‘धसका’ हाच शब्द वापरला होता, आणि तो मला ट्रॉमापेक्षा नेमका वाटला. कारण धसका घ्यावा लागतो, आणि तो घेणारा कोण, हे त्या क्रियापदातच येते.

दुःख कोणाचे आणि लेखणी कोणाची, हा तिने सहजगत्या उपस्थित केलेला प्रश्न घोड व भीमा या दोन नद्यांच्या दुआबात, आणि भीमेपलीकडील जुन्या भीमथडीत, फार प्राचीन आहे. पेशवाईतले व त्याआधीचे कागद ज्यांनी हाताळले असतील त्यांस ठाऊक आहे, की आपल्या पूर्वजांस आपली विपत्ती लिहून ठेवण्याची हौस, किंवा गरज म्हणा, दांडगी होती. वतनाचा तंटा उभा राहिला की वादी-प्रतिवादींच्या तकरिरी होत, घराण्यावर गुदरलेल्या प्रसंगांचा करीना लिहिला जाई, सरकारास कैफियत सादर होई, आणि गोतसभेसमोर महजर होऊन निवाडा लागे. त्या करीन्यांतून दुष्काळात परागंदा झालेली कुटुंबे आहेत, भाऊबंदांनी केलेले खून आहेत, पदरी पोर घेऊन माहेरी पळालेल्या विधवा आहेत. कोणत्याही कादंबरीकाराने हेवा करावा, असा तो ऐवज आहे. मात्र हे सारे लिहिणारा बहुधा कुलकर्णी. ज्याचे दुःख तो कुणबी कागदाच्या शेवटी नांगराची आकृती काढी, आणि तीच त्याची सही. आकृती कोणाची ते शेजारी लिहावयाचे कामही पुन्हा कुलकर्ण्याचेच! ज्यास लिहिता येई तो स्वतः लिहून पुढे ‘दस्तुरखुद्द’ अशी अक्षरे घाली. ज्यास येत नसे त्याच्या कागदावर ‘बकलम’ म्हणून दुसऱ्याचे नाव येई. हे दोन फारशी शब्द आता दप्तरांतून गेले, तरी ते ज्या दोन स्थितींची नावे आहेत, त्या स्थिती गेलेल्या नाहीत.

इंग्रजी अमलात कागद वाढले आणि नांगराच्या जागी आंगठा आला. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या कर्जरोख्याची मुदत तीन वर्षांची केली, ती ऋणकोच्या सोयीसाठी. परंतु परिणाम असा झाला, की दर तीन वर्षांनी सावकाराने कुळास बोलावून, थकलेले व्याज मुद्दलात मिळवून, नवा रोखा लिहून घ्यावा, आणि कुळाने त्याखाली पुन्हा निशाणी करावी. कागदावर काय लिहिले आहे ते कुळास वाचता येत नसे; फेडीची पावती मिळत नसे; आणि कज्जा दिवाणी न्यायालयात गेला म्हणजे न्यायाधीशापुढे बोले तो कागद, कूळ नव्हे. याच शिरूर तालुक्यातल्या करडे गावी डिसेंबर १८७४ मध्ये काळूराम नावाच्या सावकाराने बाबासाहेब देशमुख यांच्यावर हुकूमनामा मिळवून त्यांचे घर पाडावयास घेतले, तेव्हा गावाने न्हावी, परीट व पाणक्ये यांची कामे सावकारापुरती बंद पाडली. हे शस्त्र आपल्या गावगाड्यात फार जुने. गावाने घातलेला बहिष्कार किती निर्दय होऊ शकतो, हे ज्यांनी तो जातीपायी पिढ्यान् पिढ्या सोसला त्यांस विचारावे. करड्यास मात्र तो एकदा तरी खालून वर चालला.

पुढे १२ मे १८७५ रोजी भीमथडीतल्या सुप्यास, बाजारच्या दिवशी, जमावाने सावकारांची घरे-दुकाने फोडली, आणि तेथून ते लोण पुणे व नगर या दोन्ही जिल्ह्यांत पसरले. या दंग्यांत लोकांनी मुख्यतः मागितले काय, तर खतपत्रे, रोखे व हुकूमनामे. ते मिळाले म्हणजे त्यांची होळी करावयाची. माणसांच्या अंगावर हात टाकल्याची उदाहरणे थोडी. राग होता तो कागदावर. ज्या कागदावर आपल्या आयुष्याची हकीकत आपणास न वाचता येणाऱ्या अक्षरांत लिहिलेली आहे, तो जाळणे हाच त्या वाचकांचा अभिप्राय होता, असे मी म्हटले, तर इतिहासकारांनी मला क्षमा करावी.

सरकारने चौकशीसाठी कमिशन नेमले. कमिशनने कुळांच्या, सावकारांच्या व अंमलदारांच्या जबान्या घेतल्या, दरांचे व व्याजाचे आकडे गोळा केले, आणि तो अहवाल १८७८ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटपुढे गेला. त्यानंतरच्या वर्षी, १८७९ मध्ये, दख्खनच्या शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्या कायद्यातली एक तरतूद विशेष लक्षात घेण्यासारखी आहे: शेतकऱ्याचा दस्तऐवज यापुढे सावकाराच्या दिवाणखान्यात न होता सरकारने नेमलेल्या ग्राम-रजिस्ट्रारासमोर लिहिला जावा, आणि निशाणीपूर्वी त्यातला मजकूर त्यास समजावून सांगितला जावा. म्हणजे, लेखणी कुळाच्या हाती देणे सरकारास साधले नाही, किंवा सुचले नाही; बकलम तेवढा बदलला.

याच सुमारास, १८७४ च्या आगेमागे, या मुलुखापासून दूर दक्षिणेत एक तीर्थयात्री ब्राह्मण कुटुंब उपासमारीने एकेक करून संपत होते. अनंतशास्त्री डोंगरे गेले, मागोमाग त्यांची पत्नी गेली, थोरली मुलगी गेली. उरली ती सोळा-सतरा वर्षांची रमा आणि तिचा भाऊ श्रीनिवास. भागवत मुखोद्गत असलेल्या त्या मुलीने पायी हिंदुस्थान पालथा घालून १८७८ मध्ये कलकत्ता गाठले व ‘पंडिता’ ही पदवी मिळविली, हे सर्वश्रुत आहे. सर्वश्रुत नाही ते हे, की तिची विद्वत्ता, तिचे धर्मांतर, तिचे अमेरिकेतील प्रवास यांविषयी वाद घालण्यात आपण शंभर वर्षे घालविली, परंतु त्या उपासमारीचा तिने आयुष्यभर वागविलेला धसका आपण क्वचितच ध्यानात घेतला. तिने तो स्वतः लिहिला आहे, आणि रडून लिहिलेला नाही.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईस तिने शारदा सदन उघडले, आणि १८९० च्या अखेरीस ते पुण्यास आणले. आता या सनांकडे पाहावे. ज्या महिन्यांत ‘करमणुकी’च्या अंकांतून कल्पनेतली यमू आपली कथा पुण्याला सांगत होती, त्याच महिन्यांत त्याच पुण्यात, यमूच्याच वयाच्या खऱ्या बालविधवा शारदा सदनाच्या वर्गात पाटी-पुस्तक घेऊन बसल्या होत्या. त्या सदनाच्या आरंभीच्या विद्यार्थिनींपैकी गोदूबाई यांचा धोंडो केशव कर्वे यांच्याशी १८९३ मध्ये पुनर्विवाह झाला, आणि आनंदीबाई या नावाने त्यांनी पुढे ‘माझे पुराण’ हे आत्मवृत्त मागे ठेवले. पुणेकर वाचक यमूसाठी हळहळले, आणि त्याच १८९३ साली सदनात मुली बाटविल्या जातात असा गवगवा होऊन न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर यांनी सल्लागार मंडळाचे राजीनामे दिले, आणि कित्येक पालकांनी आपल्या मुली काढून नेल्या. त्या गवगव्यात तथ्य मुळीच नव्हते, असेही म्हणवत नाही. पंडिताबाई स्वतः ख्रिस्ती होत्या व आपली श्रद्धा त्या झाकून ठेवीत नसत. परंतु कादंबरीतल्या विधवेवर अश्रू ढाळणे किती सोपे आणि शेजारच्या आळीतली विधवा शिकू देणे किती अवघड, याचा इतका जवळजवळ ठेवलेला नमुना दुसरा सापडणे कठीण.

यानंतर कथा पुन्हा आमच्या रस्त्यावर येते. पुणे-सोलापूर लोहमार्गावरील केडगावाशी पंडिताबाईंनी जमीन घेतली होती. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्यप्रांतात गेल्या आणि सुमारे तीनशे मुली घेऊन परतल्या; पुण्यात तेव्हा प्लेगाचे निर्बंध, म्हणून त्या मुलींस केडगावच्या माळावर आणावे लागले, आणि तेथे मुक्ती सदन उभे राहिले. १९०० च्या दुष्काळात गुजराथेतून आणखी मुली आल्या, आणि वस्ती दीड हजारांवर गेली. त्या मुली कोणत्या स्थितीत आल्या, ते बाईंच्या वृत्तांतांतून वाचावे. येथे त्याची पुनरुक्ती करण्याचे मला धाडस नाही. दुष्काळाच्या त्या दिवसांत हरिभाऊ आपट्यांनीही लेखणी उचलली होती. ‘काळ तर मोठा कठीण आला’ ही त्यांची दीर्घकथा एका शेतकरी कुटुंबाची वाताहत सांगते, आणि तिचे इंग्रजी रूपांतर १८९७ मध्येच लंडनला निघाले. कथेचा नायक रामजी इंग्रज वाचकाच्या टेबलावर पोहोचला, तेव्हा त्याच्यासारख्यांच्या मुली केडगावच्या झोपड्यांतून अ-आ-ई गिरवीत होत्या.

मुक्तीमध्ये त्या मुली विणकाम शिकल्या, शेती शिकल्या, तेलाचा घाणा चालविणे शिकल्या. पण मला ज्या ठिकाणी थांबावेसे वाटते, ते तेथील छापखान्याचे. पंडिताबाईंनी मूळ हिब्रू व ग्रीक भाषा शिकून, सामान्य बाईस कळेल अशा मराठीत, संपूर्ण बायबलाचे भाषांतर हाती घेतले. ते पुरे करून त्या ५ एप्रिल १९२२ रोजी वारल्या, आणि छापील ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर पडला. खिळे जुळविणे, छापणे, बांधणी करणे, ही सारी कामे सदनातल्या मुली-बायकांनी केली. ज्यांनी जुना छापखाना पाहिला आहे त्यांस सांगावयास नको, पण नव्या पिढीसाठी सांगतो: देवनागरीचा खाना म्हणजे इंग्रजीसारखा सव्वीस अक्षरांचा आटोपशीर संसार नव्हे, अर्धी अक्षरे, जोडाक्षरे, काने, मात्रा, वेलांट्या, रफार मिळून शेकडो घरे होतात, आणि जुळाऱ्याचा हात न पाहता नेमक्या घरात गेला पाहिजे. त्यातून खिळ्यावरचे अक्षर उलटे. ओळ आरशातल्यासारखी वाचावयाची. आठ-दहा वर्षांची असता ज्या मुलीला कोणी विचारले नव्हते की तुझे नाव काय, तुझ्या बापाचे गाव कोणते, ती शिशाचे ते बारके उलटे ‘दु’ व ‘ख’ डाव्या हातातल्या पट्टीत बसवून त्यांमधल्या विसर्गाचे दोन ठिपके चाचपते आहे, हे चित्र माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

तथापि येथेही मोह आवरला पाहिजे. मजकूर बाईंचा होता, धर्मग्रंथाचा होता; जुळारी मुलींचा नव्हता. त्या मुलींच्या ज्या हकीकती मिशनच्या वृत्तपत्रांतून व देणगीदारांस पाठविलेल्या पत्रकांतून प्रसिद्ध झाल्या, त्यांना ‘साक्ष’ म्हणत, आणि साक्षीचा साचा ठरलेला असे: आधी अंधार, मग भूक, मग आश्रय, मग प्रकाश. त्या खोट्या होत्या असे नव्हे, परंतु त्यांचा शेवट सांगणारीने निवडलेला नसे. म्हणजे नांगराची निशाणी गेली, आंगठा गेला, अक्षर आले. तरी बकलम शिल्लकच. उलट पुण्यात याच्या कितीतरी आधी, १८५५ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये, ‘ज्ञानोदया’त फुल्यांच्या शाळेतील मुक्ता या विद्यार्थिनीचा निबंध दोन हप्त्यांत छापून आला होता, आणि मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिताना त्या कोवळ्या मुलीने धर्मालाच जाब विचारला होता. शाळेतल्या मुलीने दस्तुरखुद्द लिहिलेला अभिप्राय म्हणून त्याची बरोबरी करील असा कागद त्या काळचा दुसरा मला ठाऊक नाही, आणि त्याला बोधाचा रकाना नव्हता.

मग आपटे कोण? प्रामाणिकपणे पाहिले, तर तेही बकलमच. यमूच्या नावाने, यमूच्या भाषेत, मराठीतल्या एका थोर पुरुषाने लिहून दिलेली ती कैफियत आहे. ती इतकी खरी उतरली, की घराघरातल्या बायकांस ती आपली वाटली, यातच त्यांचे सामर्थ्य. आणि त्यांनी यमूस लिहिता-वाचता येते असे दाखवून, ही हकीकत तिनेच लिहिली असा जो घाट घातला, तो मला केवळ कादंबरीची युक्ती वाटत नाही. परस्परांस न भेटलेल्या एका पुरुषाने व एका मुलीने एकशे तीस वर्षांच्या अंतराने एकाच गोष्टीवर बोट ठेवले आहे: त्याने लेखणी यमूच्या हाती दिली, आणि हिने विचारले, दुर्गीच्या का नाही? प्राध्यापकांनी या कादंबरीवर लिहिलेले मी पुष्कळ वाचले आहे. त्यांत वास्तववाद आहे, सुधारणावाद आहे, शंकरमामंजींच्या दुष्टपणाचे विश्लेषण आहे. दुर्गीची बाजू कोणी इतक्या थोड्या शब्दांत मांडल्याचे स्मरत नाही.

त्या मुलीविषयी मला काही माहिती नाही, आणि मी मुद्दाम विचारलेही नाही. ती उसाच्या तोडीला येणाऱ्या टोळीतली असेल, रेल्वेच्या चाळीतली असेल, किंवा चांगल्या बागायतदाराची लेक असेल. चौफुल्याच्या ज्या फाट्यावर मी उतरून एस. टी. बदलतो, तेथील कलाकेंद्रांतून रात्री घुंगरांचा आवाज ऐकत वाढलेलीही असेल. दुर्गी तिला कोणात दिसली, हे तिने लिहिले नव्हते. आणि ज्या अर्थी लिहिले नव्हते त्या अर्थी ते काढून घेण्याचा अधिकार गुण देणाऱ्यास नाही. हल्ली मुलांस दुःखाची पुस्तके वाचावयास देऊन लगेच ‘तुला काय वाटले, मोकळेपणाने सांग’ म्हणून त्यांच्या मागे लागण्याची एक रीत निघाली आहे. हेतू चांगला असतो. कमिशनचाही चांगलाच होता.

गठ्ठा परत करावयास गेलो, तेव्हा मुख्याध्यापकांनी तो कागद वर काढून मजपुढे धरला. रकाना पाचवा, बोध, कोरा होता. नियमाप्रमाणे त्याचे दोन गुण कापावयास हवे होते, आणि मी ते कापलेले नव्हते. तेव्हा हे अनवधानाने झाले की कसे, असे त्यांनी सौजन्याने विचारले. मी म्हटले, अनवधानाने नव्हे. त्यांनी चष्मा पुसला, कागद पुन्हा वाचला, या वेळी पुरा वाचला, आणि खिशातले पेन काढून कोऱ्या रकान्याच्या कडेला, तपासणाऱ्याची सही असते त्या जागी, आपले नाव लिहिले. शिपायाने चहा आणला. बाहेर मधल्या सुटीची घंटा झाली होती.